हजेरी नको, नोंदणी हवी!

बॉन विद्यापीठात 1921 साली एका मराठी विद्यार्थ्याने नाव घातलं होतं. नाव होतं भीमराव रामजी आंबेडकर. लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास चालू होता, तरी त्यांना जर्मनीतही शिकायचं होतं. त्यासाठी त्यांनी प्रशियाच्या सरकारी खात्याला चक्क जर्मनमधून पत्र धाडलं आणि प्रवेश मिळवला. बॉनला जाऊन वर्गात बसणं मात्र झालं नाही. व्याख्यानांना हजर नाहीत म्हणून 1922 मध्ये विद्यापीठाने त्यांचं नाव पटावरून काढून टाकलं.

आज बॉनमध्येच काय, जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांत व्याख्यानाला कोण आलं नि कोण नाही हे बघायला कुणी बसलेलं नसतं. प्रयोगशाळा आणि सेमिनार सोडले तर हजेरीपट दिसतच नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या धाकात चार वर्षं काढलेल्या पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरला सुरुवातीला हे खरंच वाटत नाही. ते खरं वाटायला लागेपर्यंत दुसरी गंमत लक्षात येते. वर्गात काहीच न विचारणारा हा देश बाकी सगळीकडे विचारतो. राहता कुठे? कधीपासून? धर्म कोणता? घंटीवर नाव लावलं का? आणि ही बाटली हिरवी की तपकिरी?

2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारताचे सुमारे 49,500 विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांत चीनला मागे टाकून भारताने पहिला नंबर पटकावलाय. त्यातले मराठी किती, ते आखेनच्या बसमध्ये कान उघडे ठेवले की कळतं. चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने, बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचे वर्ग. पुण्याच्या पोरांना जर्मनी तशी लांबची वाटतच नाही. (ज्यांच्या नावाचं हे भवन आहे ते माक्स म्युलर आयुष्यात एकदाही भारतात आले नव्हते. जर्मनीत जन्मले, ऑक्सफर्डला राहिले आणि तिथूनच ऋग्वेद छापला.) तर अशा नव्याने उतरलेल्यांसाठी, आणि इकडे फोनपाशी बसलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठी, पहिल्या सत्राचा हा चटपटीत शिधा.

विमानात बसायच्या आधीच

नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाच्या अर्जासोबत ‘एपीएस’चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुमच्या मार्कलिस्टा अस्सल आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणजे दहावीपासून जपलेल्या फाइलला परदेशी शिक्का बसतो आणि ‘कागद जपून ठेव’ म्हणणारे बाबा जिंकतात.

दुसरी भानगड ब्लॉक्ड अकाउंटची. वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच जर्मन खात्यात भरायचे आणि दर महिन्याला त्यातले 992 युरो परत घ्यायचे. सप्टेंबर 2024 पासूनचा हा आकडा. आपलेच पैसे आपल्यालाच पगारासारखे मिळतात आणि एक तारखेला आनंदही खराखुरा होतो!

‘जर्मनीत फी नसते’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नाही, सत्राला शंभर ते चारशे युरोंच्या आसपास वर्गणी भरायची. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 पासून सत्राला 1,500 युरो घेतं. आणि हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूऽ, श्टुटगार्ट ही सगळी मंडळी त्याच राज्यात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024-25 पासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावलं; मास्टर्सला ते सत्रामागे 4,000 ते 6,000 युरो पडतं. अर्ज भरताना विद्यापीठाच्या आधी राज्य बघा, असं सीनियर सांगतात ते उगीच नाही.

चौदा दिवसांत हजर हो!

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा. याला म्हणतात ‘आनमेल्डुंग’. तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, असं घरमालकाने सही करून दिलेलं पत्र सोबत लागतं. हा कागद मिळाला नाही तर बाकीची सगळी कामं अडतात. मोठ्या शहरांत कचेरीची वेळ मिळवण्यासाठीच पहाटे उठून वेबसाइट चाळावी लागते, आणि दोन आठवडे कधी उलटले ते कळत नाही. बर्लिनकरांना याची इतकी सवय झाली आहे की उशिराबद्दल कचेरीतला माणूस सहसा ब्रही काढत नाही.

या अर्जात एक रकाना धर्माचा असतो. भारतीय माणूस सवयीने तो भरून टाकतो. थांबा! कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सभासद म्हणून नोंद झाली की पुढे नोकरी लागल्यावर प्राप्तिकराच्या 8 किंवा 9 टक्के इतका चर्च कर पगारातून आपोआप कापला जातो. जोशी-पाटलांना याचं काही नाही. वसईच्या डिसिल्व्हांनी आणि गोव्याच्या फर्नांडिसांनी मात्र त्या रकान्यापाशी क्षणभर पेन उचलून विचार करावा. कर भरायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. तो अनवधानाने सुटू नये, एवढंच.

नोंदणी झाली की टपाल सुरू होतं. आधी येतो अकरा आकडी कर क्रमांक. मागावा लागत नाही, आपण होऊन घरी येतो आणि जन्मभर तोच राहतो. जन्मभर हा शब्दही कमीच पडतो, कारण माणूस गेल्यानंतर वीस वर्षांपर्यंत ही नोंद सरकार ठेवू शकतं. पाठोपाठ येतं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र. तुमच्याकडे टीव्ही नाही? रेडिओ नाही? हरकत नाही, वर्गणी भरायचीच. महिन्याला 18.36 युरो. मात्र ती माणशी नाही, घरटी आहे. तिघं एकत्र राहत असतील तर प्रत्येकी 6.12 युरो. नव्या पोरांना हे कुणी सांगत नाही आणि तिघंही सुखाने आपापली वर्गणी भरत बसतात.

पण हे सगळं टपाल तुमच्यापर्यंत पोचलं तर! जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन बघतो पत्रपेटीवरचं आडनाव. ते नसेल तर पत्र माघारी. त्यामुळे गादी, उशी, कुकर या सगळ्यांच्या आधी चिकटवायची ती नावाची पट्टी. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी येतो. आडनाव चिकटवायला आळस केलेल्यांना हे फार महागात पडतं.

घर मिळवणं हा तर वेगळाच अध्याय. वसतिगृहाची यादी लांबलचक, म्हणून बरेच जण ‘वेगे’त जातात. फ्लॅट एक, खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर सामाईक. खोली रिकामी झाली की आधीचे रहिवासी उमेदवारांना बोलावून मुलाखती घेतात. चहा पाजतात, छंद विचारतात, भांडी लगेच घासतोस का सिंकमध्ये ठेवतोस हेही विचारतात, आणि ‘कळवतो’ म्हणून निरोप देतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला काय वाटत असेल, ते आपल्या मुलग्यांना कळायला जर्मनीला जावं लागतं. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘थंड भाड्या’इतकी. थंड म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च न धरता. आणि स्वतंत्र फ्लॅट घेतलाच तर स्वयंपाकघर ‘आहे’ की ‘आहे ती जागा’, हे विचारून घ्या. जुना भाडेकरू ओटा, कपाटं, सिंक असं सगळं उचकटून घेऊन गेल्याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही.

सव्वादहा म्हणजे दहा

वेळापत्रकात लिहिलेलं असतं ‘10 c.t.’. ही दोन लॅटिन अक्षरं ज्याला कळली तो पंधरा मिनिटं जास्त झोपतो. तास दहाचा, सुरू होणार सव्वादहाला, आणि हे अधिकृत आहे. याला ‘अकादमिक पाव तास’ म्हणतात. शेजारी ‘s.t.’ असेल तर मात्र दहा म्हणजे दहा. वक्तशीरपणाबद्दल जगभर नाव कमावलेल्या देशाने विद्यापीठात उशिराचीच वेळ ठरवून टाकावी, हे वाचून पुणेकरांना विशेष आनंद होईल. काही विद्यापीठांनी ही सूट बंद केली आहे, तेव्हा पहिल्या दिवशी तरी दहालाच जा.

व्याख्यान संपलं की टाळ्या वाजत नाहीत. सगळे मुठीने बाकावर ठोकतात. तीनशेजणांच्या सभागृहात हा आवाज पहिल्यांदा कानी पडला की वर्गात बंड झालं असं वाटतं. ती असते शाबासकी.

मग येतात मार्क. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 म्हणजे नापास. घरी फोनवर ‘मला एक पॉइंट तीन मिळाले’ म्हटल्यावर पलीकडे पसरणारी शांतता अनेकांनी अनुभवली आहे. काठावर पास होणाऱ्यांत एक विनोद चालतो. चार सोंगट्या ओळीत लावायचा जो खेळ आहे, त्याचं जर्मन नाव ‘चार जिंकतात’ असं आहे. तेच त्यांचं घोषवाक्य.

आपल्या टक्क्यांचं जर्मन श्रेणीत रूपांतर करायला एक सूत्र आहे, ‘सुधारित बव्हेरियन’. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल आणि उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. समजा तुम्हाला 70 टक्के आहेत आणि तुमच्या विद्यापीठात 40 ला पास करतात. उत्तर येतं 2.5. तेच 70 टक्के, पण पास व्हायला 50 लागत असतील तर उत्तर 2.8. म्हणजे पास होणं जितकं सोपं, तितकी जर्मन श्रेणी चांगली! चाळीसला पास करणाऱ्या विद्यापीठाला नावं ठेवून झाली असतील तर आता एकदा मनातल्या मनात नमस्कार करा.

इथवर मजा. खरी गोम पुढे आहे. परीक्षेला बसायचं तर तिची वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तिची मुदत सत्राच्या मध्येच कधीतरी गुपचूप संपते. मुदत चुकली तर कितीही अभ्यास झालेला असो, हॉलबाहेर. आणि नापास होण्याच्या संधी मोजक्या. बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीन. तिसऱ्यांदाही गेला तर ‘कायमचा नापास’ असा शेरा बसतो, नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. ‘केटी लागली तर बघू पुढच्या सेमला’ या तत्त्वज्ञानावर वाढलेल्या आमच्या पिढ्यांना ही गोष्ट कुणीतरी विमानतळावरच सांगायला हवी. हजेरीची सक्ती का नाही, याचं उत्तरही इथेच मिळतं. तुम्ही आलात का, हे विद्यापीठाला बघायचंच नाही. तुम्हाला येतं का, एवढं ते तीनदा बघणार.

मात्र दयामाया अगदीच नाही असं नव्हे. प्रत्येक विभागात विद्यार्थ्यांची एक संघटना असते, ‘फाखशाफ्ट’. त्यांच्या खोलीत कॉफी स्वस्त मिळते आणि जुन्या प्रश्नपत्रिका असतात. तोंडी परीक्षांचेही प्रश्न तिथे सापडतात, कारण परीक्षा देऊन बाहेर आलेला विद्यार्थी आठवतील ते प्रश्न लिहून ठेवतो. काही ठिकाणी त्यासाठी थोडे पैसे अनामत ठेवून घेतात. स्वतःच्या परीक्षेचं टिपण आणून दिलं की पैसे परत. अप्पा बळवंत चौकातल्या गाइडवाल्यांना जी कल्पना सुचली नाही ती ही! शिवाय निकालानंतर एक दिवस ठरवून उत्तरपत्रिका उघडून दाखवतात. कुठे मार्क कापले, का कापले, हे तपासणाऱ्याला तोंडावर विचारता येतं, आणि मुद्दा पटला तर श्रेणी बदलते. रिव्हॅल्युएशनचा फॉर्म, चलन, महिन्याची वाट, यातलं काही नाही.

तासाला पैसे

विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. मार्च 2024 आधी ही मर्यादा 120 आणि 240 होती. विद्यापीठातच प्राध्यापकाच्या हाताखाली मदतनीसाचं काम मिळालं, ज्याला सगळे ‘हीवी’ म्हणतात, तर ते दिवस या हिशोबात धरत नाहीत. किमान वेतन 2025 मध्ये तासाला 12.82 युरो होतं. मनातल्या मनात त्याला रुपयांनी गुणायची सवय जितकी लवकर सुटेल तितकं बरं. नाहीतर कॉफीच्या प्रत्येक कपापाशी तोच गुणाकार उलटा फिरतो.

फोडणी आणि धुराची घंटी

विद्यापीठाच्या खाणावळीला ‘मेन्झा’ म्हणतात. एकाच ताटाचे तीन भाव: विद्यार्थ्याला एक, कर्मचाऱ्याला दुसरा, पाहुण्याला तिसरा. जर्मनीत शाकाहाऱ्यांचे हाल होतात ही समजूत आता जुनी झाली. बर्लिनमधल्या विद्यापीठांच्या मेन्झांनी 2021 च्या हिवाळी सत्रापासून मेन्यूच बदलला. 68 टक्के पदार्थ व्हेगन, 28 टक्के शाकाहारी, उरलेल्या चारात मासे आणि मांस अर्धे अर्धे. आता हाल झालेच तर मालवणी पोराचे.

घरचं खाणं करायचं तर काही शोध आधीच्या पिढीने लावून ठेवले आहेत. सुपरमार्केटात ‘क्वार्क’ नावाचं घट्ट, पांढरं, किंचित आंबट दुधाचं प्रकरण डब्यात मिळतं. त्यात साखर, वेलची, केशर घातलं की श्रीखंड. फडक्यात बांधून रात्रभर टांगायला नको. परदेशातल्या मराठी घरांत गुढीपाडवा याच्यावर साजरा होतो, आणि जाणकार चाळीस टक्के स्निग्धांशाचाच डबा उचलतात, कारण स्किम्ड क्वार्कचं श्रीखंड खाऊन कुणी सुखी झाल्याचं ऐकिवात नाही. ताकालाही पर्याय तयार मिळतो. नवलकोल तर जर्मन बाजारात ढिगाने.

पिठाच्या पुडीवर 405, 550, 1050 असे आकडे असतात. किंमत नाही, वजनही नाही. शंभर ग्रॅम पीठ पूर्ण जाळलं तर जितके मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा! राख जितकी जास्त, तितका त्या पिठात कोंडा आणि खनिजं जास्त. 405 चा मैदा केकला ठीक. पोळीसाठी आकडा वर चढवत न्यायचा. फुलका फुगवण्याची मात्र पंचाईत, कारण वसतिगृहाच्या शेगडीला ज्योतच नसते, सपाट काच असते. आणि तिच्यावर मोहरी-हिंगाची अस्सल फोडणी घालण्याआधी छताकडे एकदा बघा. घरांत धुराची घंटी बसवणं जर्मनीतल्या सगळ्या राज्यांत सक्तीचं आहे. तिला आमटी आणि आग यातला फरक कळत नाही.

पाणी नळाचं प्या, उत्तम असतं. बाटली विकत घेतलीच तर लेबल वाचा. नाहीतर घरी येऊन तहानेने घोट घ्यावा तर सोडा.

रविवारी देश बंद

शनिवारी संध्याकाळी दूध, भाजी, पाव भरून ठेवा, कारण रविवारी दुकानं बंद. ही व्यापाऱ्यांची हौस नाही. रविवारची विश्रांती राज्यघटनेत आहे. 1919 च्या वायमार घटनेतलं कलम 139 तसंच्या तसं उचलून 1949 च्या मूलभूत कायद्यात घेतलेलं आहे. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी असतात. म्हणून रविवारी संध्याकाळी स्टेशनावर जी गर्दी दिसते, तिला गाडी पकडायची नसते, कांदे हवे असतात.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायला रविवारी बंदी, कारण खळ्ळकन आवाज होतो. कुंड्याही तीन: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली कुठे? हिरवीत. हे प्रश्न मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर थिसिसच्या प्रश्नांपेक्षा जास्त गंभीरपणे चर्चिले जातात.

पण थांबा, प्रत्येक बाटली टाकायची नसते. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर 25 सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या साध्या बाटलीवर 8. सुपरमार्केटातल्या यंत्राच्या तोंडात बाटली सरकवायची, ते गरगर फिरवून बघतं आणि शेवटी पावती देतं. एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवरची ही अनामत 2003 पासूनची. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी वसतिगृहात सगळ्यात लवकर कोण उठतं, हे मग वेगळं सांगायला नको. बाहेर फिरताना बाटली परत करायची नसेल तर ती कचरापेटीत न टाकता शेजारी ठेवतात. बाटल्या गोळा करून पोट भरणाऱ्याला पेटीत हात घालावा लागू नये म्हणून.

बाटलीवरून औषध आठवलं. सर्दी-तापाला साधी पॅरासिटामॉल हवी असेल तर शँपू, टूथपेस्टच्या चकचकीत दुकानात मिळणार नाही. त्याला फक्त औषधांचंच दुकान, लाल ‘ए’ अक्षराची पाटी असलेलं. आईने बॅगेत कोंबलेल्या गोळ्यांच्या पाकिटाला हसणाऱ्यांना पहिल्या हिवाळ्यात ते पाकीट सापडतं.

हिवाळ्याचंही एक गणित आहे. डिसेंबरात बर्लिनला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो आणि घरच्यांची फोनची वेळ चुकते. त्या थंडीतही जर्मन रूममेट सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडतो. तो वेडा नाही. बंद घरात ओल धरून भिंतीला बुरशी येते, आणि तसं होऊ नये म्हणून खिडक्या उघडायची अट अनेकदा भाडेकरारातच असते.

भाषेचं कसं, असं विचाराल तर मराठी माणूस इथे जरा आघाडी घेऊन येतो. जर्मनमध्ये पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस. इंग्रजीभाषक विद्यार्थी यावर डोकं धरून बसतात, आपण बालवाडीपासून तेच करतो. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंगही आपल्याला नवं नाही. फक्त जर्मनीत चंद्र पुरुष आणि सूर्य बाई, तेवढं सांभाळा.

आधी गेलेले

जर्मनीत मराठी विद्यार्थी ही काही आयटीनंतरची गोष्ट नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर 1914 मध्ये बर्लिनला पोचले आणि महायुद्ध पेटलं. ब्रिटिशांची प्रजा म्हणून ते शत्रुपक्षाचे ठरले, अडकून पडले, तरी डॉक्टरेट घेऊनच परतले. पुण्याची आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची.

त्याहून भन्नाट कथा इरावती कर्व्यांची. धोंडो केशव कर्व्यांची ही सून 1928 मध्ये बर्लिनला गेली. नवरा दिनकर हे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले. इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचे मोठे पुरस्कर्ते. त्यांची अपेक्षा अशी की कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलत असणार आणि गोऱ्यांची कवटी श्रेष्ठ ठरणार. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, हे गुरूंच्याच संस्थेत, गुरूंनाच लिहून दिलं. 1930 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परदेशात गाइडशी पटत नाही म्हणून कुरकुर करणाऱ्या आजच्या पीएचडीवाल्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

उरलेसुरले, पण झणझणीत

हायडेलबर्ग विद्यापीठ 1386 सालचं, आणि त्याचा स्वतःचा तुरुंग होता! विद्यार्थी शहराच्या पोलिसांच्या नाही, विद्यापीठाच्या अखत्यारीत येत. दारू पिऊन दंगा केला, रात्री आरडाओरडा केला की कोठडी. पण व्याख्यानाला सोडत. 1914 पर्यंत हे चाललं आणि पोरांनी भिंती चित्रांनी भरून टाकल्या. एकदा तरी आत जाऊन आल्याशिवाय विद्यार्थीदशा पूर्ण झाल्यासारखं त्यांना वाटत नसे.

फ्रायबुर्गच्या रस्त्यांच्या कडेने पाण्याचे अरुंद पाट वाहतात. चुकून कुणाचा पाय त्यात पडला तर त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होतं म्हणे. घरी फोनवर सांगताना हे वगळलेलं बरं.

म्युनिकजवळ गार्शिंगला तांत्रिक विद्यापीठाची गणित आणि संगणकशास्त्राची इमारत आहे. तिथे वरच्या मजल्यावरून खाली यायला दोन भल्यामोठ्या घसरगुंड्या आहेत, आकार अर्थातच पॅराबोलाचा. जर्मनीत इंटरनेटवरून आलेला पहिला ईमेल ऑगस्ट 1984 मध्ये अमेरिकेहून कार्ल्सरूऽच्या विद्यापीठात येऊन पडला. आणि मुंबईचं श्टुटगार्टशी 1968 पासून भगिनी-शहराचं नातं आहे.

बीलेफेल्डला प्रवेश मिळाला तर मात्र तयारी ठेवा. ‘असं शहरच नाही’ असं तुम्हाला प्रत्येक जर्मन गंभीर चेहऱ्याने सांगेल. 1994 मध्ये एका संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर केलेली ही थट्टा अजून जिवंत आहे. 2019 मध्ये शहराच्या पालिकेनेच जाहीर केलं: बीलेफेल्ड अस्तित्वात नाही हे सिद्ध करा, दहा लाख युरो घ्या. कुणालाही जमलं नाही.

आणि ग्योटिंगनला डॉक्टरेट मिळाली तर पदवीदानापेक्षा मोठा सोहळा बाजारचौकात होतो. तिथल्या कारंज्यावर 1901 पासून हंस घेतलेल्या एका मुलीचा पुतळा उभा आहे. नव्या डॉक्टरला मित्र सजवलेल्या हातगाडीत घालून मिरवत आणतात, तो कठडा चढून जातो, तिला फुलं देतो आणि गालाचा मुका घेतो. गोंधळ फार व्हायला लागला म्हणून 1926 मध्ये शहराने यावर बंदी घातली. कायद्याचा एक विद्यार्थी त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि हरला. बंदी कुणी पाळली नाही. ती अधिकृतपणे उठली 2001 मध्ये. एवढा कागदांचा सोस असलेल्या देशात पाऊणशे वर्षं एक नियम सगळ्यांनी मिळून मोडला, आणि मोडणाऱ्यांत कितीतरी डॉक्टर.